लॉग वाचायचा कुणी?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिक्षणसंस्थेत परीक्षा विभागातल्या मॅडमना कारणे दाखवा नोटीस मिळाली. हॉल तिकिटाचे मेल त्यांनी विद्यार्थ्यांना वेळेत पाठवले नाहीत, असा आरोप होता. मॅडमनी ते आदल्या दिवशी दुपारीच पाठवले होते. त्यांच्या सेंट फोल्डरमध्ये ते तारीखवेळेसकट दिसत होते. विद्यार्थ्यांना ते मिळाले दुसऱ्या दिवशी सकाळी, काहींना त्याहून उशिरा. खिडकीपाशी रांग लागली, पालकांचे फोन सुरू झाले, आणि संस्थेला कुणीतरी दोषी हवं होतं. मॅडम सापडल्या.

खरा दोष डिरेक्टरी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये होता. तिथे इंडेक्सची एक ओळ कमी होती आणि ती कमी आहे असं सर्व्हर स्वतःच लॉगमध्ये लिहीत होता. महिनोन् महिने ते कुणी वाचलं नाही. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण अशा संस्था मला एक नाही, डझनभर माहीत आहेत. तरी राग मात्र माझ्या मनात तेवढाच आहे, आणि तो मी इथे पूर्ण मांडणार आहे.

मी अठरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतो. त्या संस्थेने मला बोलावलं ते बिघाड शोधायला नाही. नवीन सर्व्हरचं कोटेशन आलं होतं, ते ‘जरा नजरेखालून घाला’ म्हणून बोलावलं होतं. १२८ जीबी रॅम, एसएसडी, तीन वर्षांची वॉरंटी, वर इन्स्टॉलेशनचे वेगळे पैसे. रजिस्ट्रार साहेब म्हणाले, “सर्व्हर म्हातारा झालाय असं एएमसीवाले सांगतायत. तुम्ही फक्त रेट योग्य आहे का ते सांगा.”

मी विचारलं, “मंद नक्की काय आहे?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, मुलाने सांगितलं, “सर, ओव्हरऑल स्लो आहे. लोड येतो. आम्ही रीस्टार्ट मारतो, मग थोडा वेळ बरं चालतं.” त्यांच्या कॉल रजिस्टरमध्ये मी पाहिलं, पानंच्या पानं एकच शेरा होता: सर्व्हिस रीस्टार्ट केली, तपासून दिलं. काय तपासलं, किती सेकंद लागत होते, नंतर किती लागले, याचा एक आकडा त्या रजिस्टरात नव्हता. डॉक्टरने ताप न मोजता महिनाभर गोळ्या द्याव्यात आणि शेवटी घर बदलायचा सल्ला द्यावा, इतकं हे बेजबाबदार आहे.

आधी या यंत्रणेचं काम समजून घ्या, म्हणजे एका ओळीने केवढा घात होतो ते कळेल. मेल सर्व्हरला स्वतःला माणसं ठाऊक नसतात. कुठला पत्ता कुणाचा, त्याची पेटी कुठे, पासवर्ड बरोबर आहे का, हे सगळं तो डिरेक्टरीला विचारतो. या विचारण्याची भाषा म्हणजे एलडॅप. १९८८ च्या एक्स-५०० या प्रमाणाची डिरेक्टरी फार जड होती, म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी तिच्यापर्यंत पोचायचा हलका मार्ग तयार केला. १९९३ मध्ये तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला आणि १९९७ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तीच आज चालते. लिहायचं कमी, वाचायचं खूप आणि वाचायचं ते झटक्यात, याच हिशेबाने ही सगळी रचना उभी आहे. योग्य इंडेक्स असला की हजारो नोंदींतून एक पत्ता शोधायला काही मिलिसेकंद पुरतात. त्या संस्थेत चार सेकंद लागत होते, तेही रात्री सर्व्हरला दुसरं काही काम नसताना.

आता हिशेब करा. मेल पाठवणारा प्रोग्राम, पोस्टफिक्स, एका पत्त्यासाठी एकदाच विचारून थांबत नाही. पूर्ण पत्ता आहे का विचारतो, तो नसेल तर त्या डोमेनसाठी सरसकट नोंद आहे का विचारतो, आणि पेटी खरी आहे का हे वेगळंच विचारतो. एका मेलला ५०० पत्ते असतील आणि प्रत्येकाला एकच प्रश्न धरला, तरी चार सेकंदांनी २,००० सेकंद होतात, म्हणजे तेहतीस मिनिटं. आणि ते एका मेलचे. पुढे पेटीत टाकताना पेट्या सांभाळणारा प्रोग्राम, डव्हकॉट, तेच पुन्हा विचारतो. डिरेक्टरीचा प्रोग्राम, स्लॅपडी, मुळात १६ थ्रेडवर चालतो. सोळाही जण सगळ्या नोंदींचं दप्तर उलटत बसले की सतरावा प्रश्न दाराबाहेर उभा राहतो. उत्तर वेळेत आलं नाही की डव्हकॉट तात्पुरता नकार देतो आणि पोस्टफिक्स तो मेल डिफर्ड क्यूमध्ये टाकतो. मूळ सेटिंगप्रमाणे पुन्हा प्रयत्न करण्याआधी तो किमान ३०० सेकंद थांबतो, आणि मेल जितका जुना होत जाईल तितकं हे थांबणं वाढून ४,००० सेकंदांपर्यंत जातं. प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर डिरेक्टरीवर पुन्हा तेच प्रश्न आदळतात. मंदपणा असा स्वतःलाच पोसत जातो. मॅडमनी दुपारी पाठवलेले मेल सकाळी का पोचले, ते हे असं.

मी लॉग मागितला. लॉग बघायची परवानगी मिळवायला अर्धा दिवस गेला. कोटेशनवर सही करायला तितका वेळ लागला नसता.

पहिली गोष्ट दिसली ती डोळ्यांवर विश्वास बसू नये अशी होती. सर्व्हरवर जुना बर्कले डेटाबेस होता आणि त्याची कॅशे किती ठेवायची हे सांगणारी फाइलच जागेवर नव्हती. अशा वेळी ओपनएलडॅप, म्हणजे स्लॅपडी ज्यातला आहे ते सॉफ्टवेअर, सुरू होताना स्पष्ट इशारा देतो की ही फाइल सापडली नाही, या शाखेकडून मंद कामगिरीचीच अपेक्षा ठेवा. हे माझे शब्द नाहीत, इशाऱ्याचा मजकूरच तसा आहे. एएमसीच्या लोकांनी तो प्रोग्राम महिनाभर रोज रीस्टार्ट केला, आणि प्रत्येक रीस्टार्टबरोबर ही ओळ लॉगमध्ये उमटत गेली. औषधाच्या प्रत्येक डोसाबरोबर रोगी स्वतः रोगाचं नाव सांगत होता आणि ऐकणारा कान नव्हता. ती फाइल नसली की हा डेटाबेस स्वतःसाठी अवघी २५६ केबी कॅशे घेतो. नवीन सर्व्हरमध्ये १२८ जीबी घातले असते आणि हेच कॉन्फिगरेशन उचलून तिथे ठेवलं असतं, तरी त्याने २५६ केबीच घेतली असती.

दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची होती. एका ॲट्रिब्यूटचं, म्हणजे नोंदीतल्या एका रकान्याचं, नाव आणि पुढे दोनच शब्द: नॉट इंडेक्स्ड. ही ओळ एकदा नव्हती, दर मिनिटाला कितीतरी वेळा येत होती.

महाराष्ट्रात ज्याने घर किंवा जमीन घेतली आहे त्याला इंडेक्स म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याने ‘इंडेक्स टू’ काढलेला असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानेच या सूच्या ठेवायला लावल्या: पहिलीत दस्त करणाऱ्यांची नावं, दुसरीत मिळकतीचं वर्णन. ती सूची नसती तर एका गट नंबरासाठी कारकुनाला सगळे दस्त पहिल्या पानापासून उलटावे लागले असते. या सर्व्हरवर अगदी तेच चाललं होतं. डिरेक्टरीत आजी-माजी विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून अडतीस हजारांवर नोंदी होत्या, आणि प्रत्येक पत्त्यासाठी त्या सगळ्या उघडून बघितल्या जात होत्या.

असं का झालं, तेही सांगतो, कारण हा घोटाळा तुमच्याही सर्व्हरवर असू शकतो. काही वर्षांपूर्वी संस्थेने डोमेन बदललं. जुने पत्ते चालू राहावेत म्हणून कुणीतरी पर्यायी पत्त्याचं ॲट्रिब्यूट आणलं आणि शोधायच्या फिल्टरमध्ये ‘किंवा’ घातला: मुख्य पत्ता हा असेल किंवा पर्यायी पत्ता हा असेल, ती नोंद द्या. मुख्य पत्त्याला इंडेक्स होता, पर्यायीला द्यायचा राहिला. ‘किंवा’च्या एका बाजूला जरी इंडेक्स नसला तरी दुसऱ्या बाजूचा इंडेक्स फुकट जातो, कारण बिनइंडेक्सच्या बाजूसाठी प्रत्येक नोंद तपासावीच लागते. ‘आणि’ असता तर चांगल्या बाजूने यादी आधीच आखूड केली असती. सुरुवातीला नोंदी थोड्या होत्या म्हणून कुणाला जाणवलं नाही. दर वर्षी नवीन प्रवेश झाले, जुन्या नोंदी कुणी काढल्या नाहीत, आणि दर वर्षी उलटायचं दप्तर जाड होत गेलं. हार्डवेअर म्हातारं झालं असा भास त्यामुळे होत होता.

इंडेक्सची ओळ घातली. चालू कॉन्फिगरेशनमधून ती घातली की स्लॅपडी न थांबता मागे इंडेक्स बांधत राहतो. कॅशेची फाइल ठेवली आणि एकदा, शेवटचा, रीस्टार्ट केला. चार सेकंदांचा शोध मिलिसेकंदांत आला. साचलेली क्यू त्या रात्री डोळ्यांसमोर रिकामी झाली.

एएमसीच्या मुलाला मी त्या रात्री शेजारी बसवून घेतलं होतं. हुशार आहे तो. मी इंडेक्सबद्दल सांगितल्यावर तो उत्साहाने म्हणाला, “सर, मग सगळ्याच ॲट्रिब्यूटना टाकून देऊ या का?” नाही. ओपनएलडॅपच्या ॲडमिन गाइडमध्ये ट्यूनिंगवर स्वतंत्र प्रकरण आहे, फुकट मिळतं. जे ॲट्रिब्यूट जवळजवळ प्रत्येक नोंदीत आहे त्याला ‘आहे की नाही’ या प्रकारचा इंडेक्स देऊन काडीचाही फायदा होत नाही, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे, आणि प्रत्येक जादा इंडेक्स लिहिण्याच्या वेळी किंमत वसूल करतो. कुठली क्वेरी खरोखर येते ते लॉगमध्ये बघायचं आणि तिच्यापुरताच इंडेक्स द्यायचा. त्याने मला सांगितलं की नोकरीला लागल्यापासून त्याला हे गाइड कुणी दाखवलंच नाही. कंपनीत त्याला शिकवलं ते कॉल बंद कसा करायचा. दिवसाला जास्त कॉल बंद करणाऱ्याला शाबासकी मिळते, म्हणून तो रीस्टार्ट करून पुढच्या गावाला जातो. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला असं वापरणाऱ्यांवर आहे.

आणि काम इथे संपलं नव्हतं. मेल धावू लागले, पण वेबमेलला लॉगिन करताना अजून पाच सेकंद लागत होते. चार नाही, सहा नाही, दर वेळी पाचच्या किंचित पुढे. हा आकडाच बोलतो. स्लॅपडीच्या लॉगमध्ये प्रश्न आल्याची ओळ आणि उत्तर गेल्याची ओळ अशा दोन ओळी असतात. कनेक्शन आणि ऑपरेशनचा क्रमांक सारखा असला की त्यांची जोडी लागते. २०२१ च्या २.५ आवृत्तीपासून तर प्रश्नाला लागलेला वेळ उत्तराच्या ओळीतच लिहून येतो. जोडी लावून पाहिली तर डिरेक्टरी तत्काळ उत्तर देत होती. म्हणजे पाच सेकंद डिरेक्टरीच्या बाहेर कुठेतरी जात होते. लिनक्समध्ये नावावरून पत्ता शोधताना पहिल्या डीएनएस सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर मूळ सेटिंगप्रमाणे पाच सेकंद थांबून मग दुसऱ्याला विचारतात. यादीत पहिला लिहिलेला डीएनएस सर्व्हर संस्थेने केव्हाच बंद केला होता. ती ओळ काढली, पाच सेकंद गेले.

दोन वेगळे रोग होते. दोन्हींचं नाव त्या रजिस्टरात एकच लिहिलं होतं: स्लो. मोजमाप नसलं की सगळे रोग एकसारखे दिसतात आणि सगळ्यांवर एकच उपाय सुचतो, खरेदी.

माझ्या व्यवसायबंधूंनो, आता तुमच्याशी बोलतो. मेल मंद झाला की पहिल्यांदा डिरेक्टरीला हाताने एक प्रश्न विचारा आणि घड्याळ लावा. मग तोच प्रश्न पोस्टमॅपमधून विचारा, म्हणजे पोस्टफिक्सच्या डोळ्यांनी तुम्हाला तो दिसेल. दोन्ही वेळा लिहून ठेवा. तुमच्या एलडॅपच्या टेबलात डोमेनची मर्यादा घातली आहे का ते पाहा. ती नसेल तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीमेलच्या पत्त्यासाठीही पोस्टफिक्स तुमच्याच डिरेक्टरीला विचारतो, जिच्यात तो असणंच शक्य नाही. पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा घालायला सांगितली आहे, तरी मी दहा ठिकाणी गेलो तर आठ ठिकाणी ती नसते. शंभर प्रक्रियांनी शंभर कनेक्शनं उघडू नयेत म्हणून प्रॉक्सीमॅप आहे, तो वापरा. डव्हकॉटमध्ये बाइंड करून पासवर्ड तपासणं आणि पेटी शोधणं एकाच कनेक्शनवर ठेवू नका. एकाचा पासवर्ड तपासून होईपर्यंत त्या कनेक्शनवरून दुसऱ्याचा प्रश्न पुढे सरकत नाही.

वेबमेलच्या ॲड्रेस बुकमध्ये दोन अक्षरं टाइप होताच ‘नावात कुठेही ही अक्षरं’ असा शोध सुटत असेल तर तो तत्काळ बंद करा. ओपनएलडॅपचा नावाच्या मधल्या भागासाठीचा इंडेक्स मूळ सेटिंगमध्ये चार अक्षरांचा असतो. त्याहून आखूड तुकड्याला तो उपयोगी पडत नाही आणि पुन्हा सगळं दप्तर उलटावं लागतं. आपल्याकडे पाटील शोधला तर ५०० उत्तरांची मूळ मर्यादाही ओलांडली जाते. किमान चार अक्षरं टाइप झाल्यावरच शोध सुरू करा, किंवा नावाच्या सुरुवातीपासून शोधा.

कॅशे वाढवा असा सल्ला देणारेही भेटतात. कॅशे चांगली गोष्ट आहे, पण इंडेक्स दुरुस्त झाल्यानंतर. त्याआधी घातलेली कॅशे रोग झाकते, आणि परीक्षेच्या दिवशी हजारो न विचारलेले पत्ते एकदम आले की तो उघडा पडतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी वापरणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. तिथेही महागड्या क्वेरीची नोंद १६४४ क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये मिळते, फक्त ते डायग्नॉस्टिक्स आधी चालू करावं लागतं. झाडाच्या अगदी मुळापासून शोध लावला की रेफरल मिळतात आणि मेल सर्व्हर त्यांच्या मागे धावत बसतो. फक्त पत्ता हवा असेल तर ३२६८ पोर्टवरच्या ग्लोबल कॅटलॉगला विचारलं की हा वनवास टळतो. हेही सगळं छापील आहे, कुणी लपवून ठेवलेलं नाही.

आणि संस्थाचालकांनो, तुम्ही. तुम्हाला खरेदी आवडते, कारण खरेदी दिसते. नवीन रॅक येतो, नारळ फुटतो, वार्षिक अहवालात फोटो येतो. इंडेक्सच्या एका ओळीचा फोटो निघत नाही. एएमसीचं टेंडर तुम्ही सर्वांत कमी दर देणाऱ्याला देता आणि त्या करारात लिहिता की कॉल चार तासांत बंद झाला पाहिजे. कारण सापडलं पाहिजे असं त्या करारात कुठेच लिहिलेलं नसतं. मग कारण कोण शोधणार? तुम्हीच ठरवून दिलं आहे की कुणी शोधू नये. कराराच्या पुढच्या नूतनीकरणात एवढं एकच कलम घाला: प्रत्येक मंदपणाच्या तक्रारीबरोबर आधीचा आणि नंतरचा वेळ आणि लॉगमधली संबंधित ओळ लेखी द्यावी. दोन महिन्यांत कळेल तुमच्याकडे पाठवला जाणारा माणूस कोण आहे.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही सोडता येणार नाही. एलडॅपची व्याख्या आणि आकृती काढायला मार्क मिळतात. जिवंत सर्व्हरचा लॉग समोर ठेवून ‘यात काय बिघडलंय सांगा’ असा प्रश्न पदवीच्या चार वर्षांत मला कुणी विचारला नाही, आणि माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांनाही अजून कुणी विचारलेला नाही.

त्या संस्थेने नवीन सर्व्हर घेतला नाही. तोच ‘म्हातारा’ सर्व्हर पुढच्या सत्राचे हॉल तिकिटांचे मेल पाठवून मोकळा झाला आणि खिडकीपाशी रांग लागली नाही. मी माझ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं की विलंबाचं कारण डिरेक्टरीतला न दिलेला इंडेक्स होता आणि परीक्षा विभागाने मेल वेळेत पाठवले होते. लॉगमधल्या वेळांसकट लिहून दिलं. अहवाल स्वीकारला गेला, बिल मंजूर झालं. मॅडमची नोटीस मात्र त्यांच्या सेवापुस्तकाला लागलेली आहे. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हाही होती. रजिस्ट्रार साहेब, हा लेख तुमच्या वाचनात येईल. ती नोटीस मागे घ्या.